जनसुनावणीला जाता येत नाही, तरी आंदोलनात कामाला लागायचंय. घरून काय काय करता येईल?

पाणंद

राजापूर तालुक्यात, समुद्राला लागून असलेल्या आमच्या पंचक्रोशीत एक मोठा प्रकल्प येऊ घातलाय. जनसुनावणीची जाहिरात पेपरात आली, तारखेला आता २६ दिवस उरलेत. गाव सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, मांडव घालून बसलंय.

आठ माणसं मांडवात येऊ शकत नाहीत, पण त्यांना या लढ्यात राहायचंच आहे. दोघांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. एका ताईंना मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, ऊन बाधतं. एका काकांना घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो. एकांना अजिबात ऐकू येत नाही, एकांची नजर जवळजवळ गेलीय. दोघं व्हीलचेअरवर असतात, आणि मांडवाकडे जायचं तर आधी पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) उतरून मग कातळ चढायचा.

नुसता "पाठिंबा आहे" असा मेसेज टाकणं नको, काम हवंय. घरून दिलेली हरकत धरतात का? वीज दिवसातून चारदा जाते, रेंज एका खिडकीत येते, अशात कोणती जबाबदारी घेता येईल? आणि मेसेजवरून पोलिसांची नोटीस आली तर? जाणकारांनी तपशिलात सांगा.

गडगा

हरकत धरतात. १४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए (प्रकल्पाचे पर्यावरणावर होणारे परिणाम तपासण्याच्या) अधिसूचनेत लोकांचं म्हणणं ऐकण्याचे दोन भाग आहेत: जागेवरची सुनावणी आणि लेखी म्हणणं. दुसऱ्या भागाला तुमचे पाय लागत नाहीत. जाहिरात आणि सुनावणी यांत किमान ३० दिवस ठेवलेत ते त्यासाठीच. मांडवात बसलेल्या लोकांना वाचायला वेळ नसतो आणि तुमच्या आठ जणांचं खरं काम तिथेच आहे.

आज जाहिरातीचं कात्रण काढून दोन गोष्टी टिपा: लेखी हरकती कोणत्या पत्त्यावर पाठवायच्या आणि मसुदा अहवाल कुठे ठेवलाय. तो जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि संबंधित ग्रामपंचायतीत असावा लागतो. सारांश महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वेबसाइटवर असतो. केंद्राच्या पर्यावरण मंजुरीच्या परिवेश पोर्टलवर प्रकल्पाचं नाव घालून शोधा. प्रस्ताव क्रमांक मिळाला की तो प्रत्येक पत्रावर घाला, नाहीतर कागद भलत्याच फायलीला लागतो.

अहवाल शेकडो पानांचा असतो. आठ जणांत प्रकरणं वाटून घ्या. कोकणात पहिल्यांदा बघायचं ते बेसलाइन नोंदी (प्रकल्पाआधीच्या स्थितीच्या) कोणत्या महिन्यांत घेतल्या. बहुतेक अहवालांत पावसाळा वगळून एकाच हंगामाच्या नोंदी असतात. आपला सडा मार्चमध्ये बघितला तर नुसता काळा दगड. त्यावरची डबकी, फुलं, बेडूक, सड्याखाली फुटणारे झरे, हे सगळं जून ते सप्टेंबरातलं. मार्च ते मे मधल्या नोंदींवरून कोणी "ओसाड जमीन" लिहिलं असेल, तर तो पान क्रमांक आणि नोंदीचे महिने हाच तुमचा पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा पाण्याचा. प्रत्येक वाडीला फोन करून विहिरींची यादी करा: कोणाची, किती हात खोल, कोणत्या महिन्यात आटते, किती घरं पाणी भरतात. अंथरुणावरून होण्यासारखं हे काम आहे आणि अहवालात ते क्वचितच नीट केलेलं असतं. जवळपास कातळशिल्पं असतील तर तीही नोंदवा. बारसू, देवीहसोळ, रुंढे तळी, उक्षी वगैरे ठिकाणची कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत.

हरकतीचा कागद असा असावा: वर प्रकल्पाचं नाव, प्रस्ताव क्रमांक, सुनावणीची तारीख. मग तुमचं नाव, पत्ता, प्रकल्पाशी संबंध (गट क्रमांक, मासेमारी, पाणी, घर). मग मुद्दे, प्रत्येकाला अहवालाचं पान. शेवटी मागणी. दोन पानांत बसवा. आजाराचा उल्लेख गरज असेल तरच करा. धुळीने श्वास कोंडणाऱ्या माणसाने तो जरूर करावा, कारण हवेच्या प्रकरणाशी त्याचा थेट संबंध आहे.

गडबड कुठे होते ते सांगतो. एकाच मजकुराच्या तीनशे छापील प्रती दिल्या तर मुद्दा एकच नोंदला जातो. त्यापेक्षा वेगवेगळ्या मुद्द्यांची वीस पत्रं जड. साठ जणांच्या हरकती एकाच ईमेलवरून गेल्या तर ते एकाच माणसाचं म्हणणं ठरू शकतं. जीमेलवर जोडपत्रं २५ एमबीच्या वर गेली की थेट जोडली जात नाहीत, नुसती लिंक जाते, आणि सरकारी टेबलावर ती लिंक कोणी उघडत नाही. अंगठा असेल तर शेजारी साक्षीदाराचं नाव आणि सही हवी.

पाठवायचं दोन वाटांनी: ईमेल, आणि कागद. कागद कोणी तालुक्याला जाणारा नेत असेल तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. टपालाने असेल तर लक्षात ठेवा, २०२५ पासून वेगळं रजिस्टर पोस्ट राहिलेलं नाही, ते स्पीड पोस्टात गेलं. खिडकीवर नोंदणीची सोय आणि पोच दोन्ही मागून घ्या. सुनावणीच्या आठ दिवस आधी सगळं पोचलेलं असावं.

जागेवर म्हणणं वाचून दाखवायचं असेल तर गावातल्या कोणाला लेखी अधिकारपत्र द्या. दोन मिनिटांचं आवाजी निवेदन मोबाइलवरून वाजवता येतं (मोबाइल माइकपासून वीतभर अंतरावर, स्पीकरकडे पाठ, नाहीतर शिट्टी घुमते). पण तेच निवेदन सही करून टेबलावर द्या आणि इतिवृत्तात नोंद मागा. सुनावणीचं चित्रीकरण करावंच लागतं. शेवटी इतिवृत्ताचा गोषवारा लोकांच्या भाषेत वाचून दाखवायचा असतो. त्या वेळी तुमच्या प्रतिनिधीने हातात आवक क्रमांकांची यादी धरून उभं राहावं.

सुनावणी झाली म्हणजे संपलं नाही. इतिवृत्त प्रसिद्ध झाल्यावर त्यावरचं म्हणणं थेट मंजुरी देणाऱ्या प्राधिकरणाला पाठवता येतं.

कुळागर

गडगा दादांनी कागद सांगितला, मी डेस्कचं सांगते. मांडव चालवायला घरी बसलेला एक संपर्क डेस्क लागतो, आणि तो मांडवातल्या माणसांना जमत नाही. तिथे गोंगाट, ऊन आणि बॅटरी संपलेले फोन असतात.

डेस्कवर एक वही: आज मांडवात कोण, कोणाचा फोन सुरू, घरचा नंबर, कोणाला कोणतं औषध. कोणाला पोलिसांनी नेलं तर पाच गोष्टी लगेच लिहायच्या: नाव, वेळ, कुठून, कोणत्या गाडीतून, कोणत्या ठाण्यात. वेळ मिनिटासकट, कारण अटकेपासून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करावं लागतं आणि तो हिशोब या वहीवरूनच होतो. मोफत वकिलासाठी १५१०० वर फोन करायचा. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, दिव्यांग व्यक्ती आणि कोठडीतली माणसं यांना मोफत मदतीचा हक्क आहे.

आता विजेचं. काकांचा कॉन्सन्ट्रेटर आणि डेस्क एका इन्व्हर्टरवर कधीही ठेवू नका. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॅट खातो. १५० एएच बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात, पण हाताशी हजार-बाराशेच येतात, म्हणजे तीन तास. जुनी बॅटरी असेल तर दोनही नाहीत. ते तीन तास फक्त श्वासाचे. भरलेला सिलिंडर शेजारी हवाच. डेस्कला वेगळी व्यवस्था करा: राउटर आणि फायबरचा डबा मिळून दहा-पंधरा वॅट लागतात, त्याला १२ व्होल्टचा छोटा राउटर-यूपीएस पुरतो. घेताना अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपियर वाचा. ९ व्होल्टच्या राउटरला १२ चं जोडलं तर राउटर जातो. २०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत प्रत्यक्षात ४५-५० वॅट-तास मिळतात, म्हणजे मोठा फोन अडीच वेळा भरतो.

पण वादळात माड फायबरवर पडला तर यूपीएस काही कामाचा नाही, आणि टॉवरची बॅटरीही काही तासांनी बसते. म्हणून नेटशिवायची साखळी आत्ताच कागदावर लिहा: डेस्क पाच जणांना साधा फोन करणार, ते प्रत्येकी पाच जणांना. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम, एक साधा बटणांचा फोन. नेट बंदीचा आदेश निघाला तरी हीच साखळी. २०२४ च्या नियमांप्रमाणे असा एक आदेश १५ दिवसांहून जास्त चालत नाही आणि तो प्रसिद्ध करावा लागतो.

बैठका व्हिडिओवर घेऊ नका. गटाचा व्हिडिओ कॉल तासाला एक जीबीच्या आसपास किंवा जास्त खातो, नुसता आवाज ३० ते ६० एमबीत होतो. झूम फुकटात ४० मिनिटांनी तुटतं, ते आपल्या पथ्यावरच पडतं, त्याहून लांब बैठक आजारी माणसाला झेपत नाही. यूट्यूबवर थेट दाखवायचं असेल तर चॅनेल आधीच्या आठवड्यात तयार करा: पहिल्यांदा ही सोय चालू व्हायला २४ तास लागू शकतात आणि मोबाइलवरून दाखवायला किमान ५० सबस्क्राइबर हवेत. ऐन दिवशी सकाळी हे कळतं आणि सगळं अडतं.

मांडवातून येणारे फोटो-व्हिडिओ जपणं हेही डेस्कचंच. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला व्हिडिओ दाबला जातो, वेळ-ठिकाणाची माहिती गळते. पाठवताना "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा. मूळ फाइलचं नाव बदलू नका, तीन ठिकाणी प्रती ठेवा, मिळाल्या दिवशीच एसएचए-२५६ हॅश (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा ठसा) काढून वहीत लिहा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅशचा रकाना आहे. पुढे कोर्टात तो भरायची वेळ आली की हे पाच मिनिटांचं काम उपयोगी पडेल. पुराव्याच्या ग्रुपवर आपोआप पुसले जाणारे मेसेज बंद ठेवा.

पाणंद

खूप आभार दोघांचे. वाचायचं काम दृष्टी गेलेल्या दादांना द्यायचं ठरलं होतं, ते निवृत्त शिक्षक आहेत आणि अहवाल तेच सगळ्यांत नीट समजू शकतात. पण फोन मराठी पीडीएफ वाचतच नाही, नुसता "चित्र" म्हणतो. काही भागांत तर अर्थ नसलेली इंग्रजी अक्षरं वाचतो. आणि ऐकू न येणाऱ्या ताईंना बैठकीत कसं घ्यायचं?

तरीवाला

दोन वेगळे रोग आहेत हे. "चित्र" म्हणतो ते पान स्कॅन केलेलं आहे. अर्थ नसलेली अक्षरं वाचतो ते पान श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं आहे. डोळ्याला मराठी दिसतं, आत मात्र रोमन अक्षरं असतात, स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) आतलं वाचतो.

दोन्हीला एकच औषध. पीडीएफ गूगल ड्राइव्हवर चढवा, कॉम्प्युटरवरून उजव्या क्लिकने "गूगल डॉक्सने उघडा" करा, ते मजकूर युनिकोडमध्ये काढून देतं. जुन्या फाँटचं पान मात्र आधी चित्र करून घ्या (स्क्रीनशॉट किंवा छापून स्कॅन), नाहीतर डॉक्स आतली रोमन अक्षरंच उचलेल. मोठी फाइल एकदम देऊ नका, दहा-दहा पानांचे तुकडे करा. स्कॅन तिरका किंवा फिका असेल तर फोनवर पुन्हा सरळ, काळा-पांढरा करून घ्या. कोष्टकं हमखास मोडतात: आकडे एका रकान्यातून दुसऱ्यात जातात. त्यामुळे पाण्याच्या आणि हवेच्या आकड्यांची पानं कोणी डोळस माणसाने फोनवर वाचून द्यावीत, दादांनी टिपून घ्यावीत. ३ आणि ९, ५ आणि ६ यांची अदलाबदल नेहमीची. हरकतीत आकडा लिहिण्याआधी मूळ पानावर एकदा बघाच. ऐकायला फोनवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर आणि गूगलचा मराठी आवाज, कॉम्प्युटरवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, तोही फुकट.

शिवाय मंडळाला आजच लिहा की अहवाल वाचता येईल अशा युनिकोड स्वरूपात द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम ४२ हेच सांगतं. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेची काही मानकं नुसती ऐच्छिक न ठेवता बंधनकारक करा असं केंद्राला सांगितलंय. उत्तर आलं नाही तरी पत्राचा आवक क्रमांक पुढे अपिलात कामी येतो.

ताईंसाठी लाइव्ह ट्रान्स्क्राइब हे अ‍ॅप मराठी बोलणं लिहून दाखवतं. पण मालवणी-संगमेश्वरी बाजात बोललं की ते चुकतं, दोघं एकदम बोलले की थांबतंच. म्हणून बैठकीत नियम ठेवा: एका वेळी एक, बोलण्याआधी नाव, आणि एकजण ग्रुपवर मुद्दा टाइप करणार. मतदान तोंडी नको, टाइप करून. त्याहून बरं म्हणजे निम्म्या बैठका लिहूनच घ्या: सकाळी प्रश्न टाकायचा, रात्री आठपर्यंत सगळ्यांनी उत्तर द्यायचं. थकणाऱ्या सगळ्यांनाच ते सोपं जातं. ताईंना डेस्कची लेखी बाजू द्या, मेसेज तपासणं आणि नोंदी, तिथे त्यांच्यासारखं लक्ष दुसऱ्या कोणाचं नसेल.

सुनावणीच्या जागेसाठी जिल्हाधिकाऱ्यांना वेगळं पत्र द्या. मजकूर एवढा पुरे: "२०१६ च्या अधिनियमातील कलम ३(५) नुसार रास्त सोय मिळावी. मंडप सपाट जागी असावा, रॅम्प असावा, सांकेतिक भाषेचा दुभाषी असावा, दिव्यांग व्यक्तींना पहिल्या तासात बोलू द्यावं, आणि जे येऊ शकत नाहीत त्यांचं निवेदन प्रतिनिधीस वाचू द्यावं." व्हिडिओवरून बोलू देण्याची मागणीही घाला. २००६ च्या अधिसूचनेत तशी तरतूद नाही, म्हणून नुसती तिच्यावर विसंबू नका.

ग्रामसभेत मात्र घरून मत नाही. गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० यांतली कमी संख्या, आणि ती हजर माणसांचीच. त्या दिवसापुरती व्हीलचेअरवाल्यांची सोय करा, प्रकल्पाविरुद्धचा ठराव तिथेच होतो.

रापण

नोटिशीचं कोणी नीट बोललं नाही म्हणून लिहितो. घरी असलात तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची नोटीस येऊ शकते, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १४९. ती प्रतिबंधक समज असते, गुन्हा दाखल झाल्याचा कागद नाही. घ्यायची, "प्रत मिळाली" लिहून तारीख-वेळ टाकायची, फोटो डेस्कला आणि वकिलाला. तोंडी "ठाण्यात या" म्हटलं तर लेखी मागा आणि आजाराचा ताजा कागद जोडून, घरी किंवा फोनवर म्हणणं नोंदवून घ्यावं असं लेखी उत्तर द्या. डायलिसिसचे वार आणि वेळ त्यात लिहून ठेवा.

जमावबंदीचा आदेश (संहितेचं कलम १६३, किंवा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं ३७) मागवून पूर्ण वाचा. कधी कधी त्यात समाजमाध्यमांबद्दलही ओळ असते. "उद्या सड्यावर सगळे या" हा मेसेज त्या दिवशी पाठवायचा की नाही ते त्या ओळीवर ठरतं. खोटी किंवा भडकाऊ बातमी पुढे ढकलणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ मध्ये बसू शकतं. "गोळीबार झाला", "अमुक गेला" असं काहीही मांडवातल्या दोघांनी स्वतः बघून सांगितल्याशिवाय डेस्कने पुढे पाठवू नये.

ग्रुप अ‍ॅडमिनबद्दल भीती असते. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलंय की सदस्याच्या मजकुरासाठी अ‍ॅडमिन आपोआप जबाबदार नाही, समान हेतू दिसायला हवा. तरी घोषणांचा ग्रुप "फक्त अ‍ॅडमिन" वर ठेवा आणि नवे सदस्य मंजुरीनेच घ्या.

आजारी माणसांचे फोटो पोस्टरवर टाकण्याची फार हौस असते, ती नको. २०१७ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या महिला मोर्चाच्या वेळी, चालता न येणाऱ्यांसाठी वेगळी ऑनलाइन तुकडी केली होती. लोकांनी स्वतःचं नाव, फोटो आणि म्हणणं आपण होऊन पाठवलं आणि त्यांची गणना मोर्चेकरी म्हणून झाली. आपल्याकडे मांडवात त्यांच्या नावाची पाटी आणि हरकतीतली एक ओळ लावा, ज्याने त्याने हो म्हटल्यावर. डॉक्टरी कागद कधीच ग्रुपवर टाकू नका.

सुनावणीनंतर माहिती अधिकार टाका: चित्रीकरणाची प्रत, हजेरी, लेखी हरकतींची आवक क्रमांकासह यादी. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांत. फी १० रुपये, राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरून घरूनच भरता येते. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, फी २० रुपये. आणि पर्यावरण मंजुरी निघालीच तर राष्ट्रीय हरित लवादाकडे अपिलाला ३० दिवस असतात. परिवेशवर रोज बघण्याचं काम आत्ताच एका माणसाला नेमून द्या.

पाणंद

आज आठ जणांत अहवालाची प्रकरणं वाटली. शेवटचं विचारते, डेस्कच्या पाळ्या कशा लावू? सगळेच म्हणतायत आम्ही दिवसभर बसतो.

कुळागर

दिवसभर कोणीही नको. पाऊण तासाची पाळी, प्रत्येक पाळीला दोन माणसं, म्हणजे एकाला मध्येच आडवं व्हावं लागलं तरी फोन उचलला जातो. पाळी संपताना वहीत तीन ओळी: काय झालं, काय राहिलं, कोणाला फोन करायचा. कोव्हिडनंतरचा थकवा किंवा तसे आजार असलेल्यांना जास्त ताणाचा त्रास त्याच दिवशी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होतो. म्हणून "आज बरं वाटतंय" यावर पाळी वाढवू नका.

मल्टिपल स्क्लेरोसिसच्या ताईंना सकाळी नऊच्या आतली पाळी द्या, अंग तापलं की हात आणि नजर दोन्ही मंदावतात. काकांना बोलण्याची पाळी नको, टाइप करण्याची द्या. डायलिसिसवाल्या दोघांचे वार उलटसुलट असतील तर उत्तम, एकाच्या वारी दुसरा. चार तास मशीनवर आणि वर रत्नागिरीचा प्रवास, त्या संध्याकाळी त्यांना फोनसुद्धा करू नका.

सुनावणीच्याच दिवशी डायलिसिस आलं तर ते वार बदलून मागतील. बदलू देऊ नका. त्या दिवशीचं त्यांचं काम आदल्या आठवड्यातच, आवक क्रमांक घेऊन, झालेलं असेल.